फावल्या वेळातील टी-शर्ट व्यवसाय

फावल्या वेळातील टी-शर्ट व्यवसाय म्हणजे नोकरी, शिक्षण किंवा घरकाम सांभाळून टी-शर्टवर मजकूर वा चित्र छापून घेऊन ते इंटरनेटद्वारे विकण्याचा लघुउद्योग होय. या व्यवसायात उद्योजकाचा स्वतःचा कारखाना नसतो, बहुधा दुकानही नसते. कोरे टी-शर्ट एका गावाहून येतात, छपाई दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर होते आणि माल कुरिअरने ग्राहकाच्या दारी पोहोचतो. उद्योजकाचा वाटा असतो तो कल्पनेचा, अक्षरांचा, ग्राहक शोधण्याचा आणि तक्रारी निस्तरण्याचा. थोड्या रकमेत सुरू होत असल्यामुळे महाविद्यालयीन विद्यार्थी व तरुण नोकरदार यांना हा व्यवसाय आकर्षक वाटतो. ‘भांडवल नको, जोखीम नाही’ अशी त्याची जाहिरात केली जाते, ती मात्र अर्धीच खरी आहे. माल पडून राहण्याची जोखीम टाळता येते. परत येणारी पार्सले, कर-नोंदणी आणि इतरांच्या हक्कांचा भंग या जोखमी उद्योजकाच्याच माथी राहतात.

स्वरूप

या व्यवसायाचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिल्यात उद्योजक कोरे टी-शर्ट घाऊक भावाने विकत घेतो, स्थानिक छापखान्यातून त्यांवर छपाई करून घेतो आणि तयार माल घरी ठेवून मागणीप्रमाणे पाठवतो. यात प्रत्येक नगाचा खर्च कमी येतो. परंतु कोणत्या मापाचे किती नग घ्यायचे हा अंदाज चुकला, तर मध्यम मापाचे सर्व संपलेले आणि अतिलहान मापाचे कपाटात पडून, अशी स्थिती होते. एकाच रचनेचे टी-शर्ट दोन रंगांत आणि पाच मापांत ठेवायचे म्हटले, तरी दहा वेगवेगळे साठे सांभाळावे लागतात.

दुसऱ्या प्रकाराला ‘मागणीनुसार छपाई’ म्हणतात. ग्राहकाने पैसे भरल्यावर किंवा मागणी नोंदवल्यावरच एक नग छापला जातो आणि छपाई करणारी संस्थाच तो उद्योजकाच्या नावाने परस्पर ग्राहकाकडे रवाना करते. साठा शून्य राहतो, पण नगामागचा खर्च वाढतो आणि माल पाठवण्यापूर्वी तो डोळ्यांखालून घालण्याची संधी उद्योजकाला मिळत नाही. छपाई वाकडी झाली तर ती प्रथम ग्राहकालाच दिसते. म्हणून अनुभवी विक्रेते नवी रचना विक्रीस ठेवण्यापूर्वी एक नग स्वतःसाठी मागवतात, तो चार-पाच वेळा धुतात आणि मगच त्याचे छायाचित्र प्रसिद्ध करतात.

याखेरीज काही संकेतस्थळांवर चित्रकार फक्त रचना देतो. विक्री, छपाई, वसुली सर्व संकेतस्थळ करते आणि चित्रकाराला प्रत्येक नगामागे ठरावीक रक्कम मिळते. काटेकोरपणे पाहता तो व्यापार नसून आपल्या कलाकृतीच्या वापराचा परवाना देणे होय.

इतिहास

टी-शर्ट हे मुळात अंतर्वस्त्र होते. अमेरिकेच्या नौदलाने १९१३ च्या सुमारास ते गणवेशाच्या आत घालण्यासाठी दिले. ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ (१९५१) या चित्रपटात मार्लन ब्रँडो आणि ‘रिबेल विदाउट अ कॉज’ (१९५५) मध्ये जेम्स डीन यांनी ते बाहेरचे वस्त्र म्हणून घातले आणि तरुणांमध्ये ते रूढ झाले. छातीवरची मोकळी जागा लिहिण्यासाठी वापरता येते हे लक्षात आल्यावर जाहिरात, राजकीय घोषणा आणि विनोद यांनी ती व्यापली.

इंटरनेटवरून टी-शर्ट विकण्याच्या इतिहासात अमेरिकेतील ‘थ्रेडलेस’चे उदाहरण विशेष बोलके आहे. शिकागो येथे २००० साली जेक निकेल आणि जेकब डीहार्ट या दोन तरुणांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून ते सुरू केले. लोकांनी रचना पाठवाव्यात, इतरांनी त्यांना मते द्यावीत आणि अधिक मते मिळालेल्याच रचना छापाव्यात, अशी त्यांची पद्धत होती. छापण्यापूर्वीच मागणीचा अंदाज येत असल्याने माल पडून राहण्याचा धोका आपोआप कमी झाला. प्रारंभीची सुमारे दोन वर्षे निकेल यांनी हे काम नोकरी आणि शिक्षण सांभाळून केले. त्याच काळात कॅफेप्रेस (१९९९), जर्मनीतील स्प्रेडशर्ट (२००२) आणि ऑस्ट्रेलियातील रेडबबल (२००६) या संस्थांनी एकेक नग छापून देण्याची सोय सर्वसामान्यांना उपलब्ध करून दिली.

भारतात इंटरनेटवरील विक्रीच्या आधीच, १९९७ मध्ये, मुंबईत रंजीव रामचंदानी यांनी ‘तंत्रा’ ही भारतीय विषयांवरील विनोदी टी-शर्टांची मुद्रा सुरू केली होती. पुढे आयआयटी मुंबईचे पदवीधर प्रभकिरण सिंग आणि सिद्धार्थ मुनोत यांनी २०१२ मध्ये ‘बेवकूफ’, तर मुंबईतच २०१३ मध्ये ‘द सोल्ड स्टोअर’ या कंपन्या उभ्या राहिल्या. फ्लिपकार्टने २०१० मध्ये ‘माल मिळाल्यावर रोख पैसे’ ही पद्धत आणल्यामुळे बँक कार्ड नसलेला ग्राहकही ऑनलाइन बाजारात आला, आणि २०१६ नंतर यूपीआयमुळे अगदी लहान विक्रेत्यालाही फोनवर पैसे स्वीकारता येऊ लागले. या दोन सोयींमुळेच भारतात घरबसल्या व्यवसाय करणाऱ्याला बाजार खुला झाला. त्यांपैकी पहिली सोय विक्रेत्याला महागही पडते. त्याचा विचार पुढे ‘हिशेब’ या विभागात केला आहे.

कापड

टी-शर्टचे कापड विणलेले नसून गुंफलेले असते. व्यापारी भाषेत त्याला होजिअरी म्हणतात. हा भेद महाराष्ट्रातील नवख्या उद्योजकाला माहीत असणे आवश्यक आहे. भिवंडी किंवा इचलकरंजी येथील यंत्रमागांवर निघणारे कापड ताण्या-बाण्याचे असते आणि ते टी-शर्टला उपयोगी पडत नाही. टी-शर्टच्या कापडाचे व शिलाईचे देशातील सर्वांत मोठे केंद्र तमिळनाडूतील तिरुप्पूर हे असून महाराष्ट्रात विकले जाणारे कोरे टी-शर्टही मोठ्या प्रमाणात तेथूनच येतात.

कापडाचा जाडपणा ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधील वजनात सांगितला जातो. १८० जीएसएमचा सुती टी-शर्ट हा बाजारातील सर्वसाधारण मानला जातो. १५० च्या खालचे कापड जाहिरातीसाठी फुकट वाटल्या जाणाऱ्या टी-शर्टांत दिसते. ढगळ आकाराच्या फॅशनसाठी २२० ते २४० चे कापड वापरतात. केवळ वजन पाहून मात्र दर्जा कळत नाही. ‘बायोवॉश’ म्हणजे विकरांच्या साहाय्याने कापडावरील सुटे तंतू काढून टाकण्याची प्रक्रिया झाली नसेल, तर दोन-तीन धुण्यांत गोळे येतात आणि छापलेली अक्षरे केसाळ दिसू लागतात. सुती कापड पहिल्या धुण्यात काहीसे आटते. घाऊक विक्रेत्याकडून ‘आधी आटवलेले’ कापड आहे की नाही हे विचारून घेतले नाही, तर माप चुकल्याच्या तक्रारी येतात. दोन उत्पादकांचे ‘एल’ माप क्वचितच तंतोतंत सारखे असते. म्हणून छातीचे व लांबीचे माप इंचांत देणारा तक्ता विक्रीच्या पानावर असणे इष्ट ठरते.

छपाईच्या पद्धती

सर्वांत जुनी व अजूनही सर्वांत टिकाऊ पद्धत स्क्रीन प्रिंटिंगची. लाकडी किंवा धातूच्या चौकटीवर ताणलेल्या जाळीवर प्रकाशसंवेदी लेप देऊन त्यात रचनेची मोकळी जागा तयार करतात आणि रबरी पट्टीने शाई खाली कापडावर दाबतात. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र चौकट लागते. चौकट तयार करण्याचा खर्च एक नग छापला काय किंवा शंभर छापले काय, तेवढाच येतो. त्यामुळे एक-दोन रंगांच्या, बऱ्याच नगांच्या कामाला ही पद्धत स्वस्त आणि एखाद-दुसऱ्या नगाला अव्यवहार्य ठरते. लग्नपत्रिका छापणाऱ्या अनेक छापखान्यांना हे तंत्र ठाऊक असले, तरी कापडावरील शाई पक्की करण्यासाठी लागणारी उष्णता देण्याची सोय त्यांच्याकडे असेलच असे नाही. प्लास्टिसोल शाईला सुमारे १६० अंश सेल्सिअस तापमान द्यावे लागते. नुसते वाऱ्यावर सुकवलेले टी-शर्ट पहिल्याच धुण्यात रंग सोडतात.

डीटीजी पद्धतीत कागदावर छापावे तसे यंत्र थेट कापडावर शाईचे थेंब सोडते. चौकट लागत नाही, कितीही रंग चालतात, एक नगही छापता येतो. गडद कापडावर आधी एक द्रावण फवारून पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो आणि खर्च तेथेच वाढतो. यंत्र महाग असून दररोज वापरले नाही तर पांढरी शाई साकळून त्याच्या शाईच्या बारीक छिद्रांत अडकते. म्हणून फावल्या वेळात काम करणाऱ्याने हे यंत्र स्वतः विकत घेणे सहसा शहाणपणाचे नसते.

अलीकडे डीटीएफ पद्धत वेगाने पसरली आहे. यात रचना एका प्लास्टिक फिल्मवर छापून तिच्यावर चिकट भुकटी वितळवतात आणि नंतर हीट प्रेसने, साधारण १५० ते १६० अंशांवर दहा-पंधरा सेकंद दाबून, ती कापडावर उतरवतात. फिल्मचा पट्टा दुसऱ्या शहरातून मागवून घरच्या हीट प्रेसवर दाबणे शक्य असल्याने स्वतः थोडेफार उत्पादन करू इच्छिणाऱ्यांना ती सोयीची आहे. मोठी सलग आकृती असेल तर छातीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवल्यासारखे वाटते, हा तिचा दोष. सब्लिमेशन ही चौथी पद्धत केवळ पॉलिस्टर व फिकट रंगाच्या कापडावर चालते. धावण्याच्या स्पर्धांमधील आणि क्रिकेट संघांचे नाव-क्रमांक छापलेले टी-शर्ट बहुधा याच पद्धतीचे असतात.

देवनागरी मजकुरातील अडचणी

मराठी टी-शर्टांचा मुख्य आधार चित्र नसून शब्द असतो; एखादा कोल्हापुरी ठसका, पुणेरी पाटीची धाटणी किंवा मालवणी शिवी नसलेली शिवी. त्यामुळे अक्षरांत चूक झाली तर विकण्यासारखे काही उरत नाही. दुर्दैवाने या चुका वारंवार दिसतात आणि त्यांचे कारण दर वेळी लिहिणाऱ्याचे अज्ञान नसते. उद्योजकाने युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर छापखान्यातील जुन्या संगणकप्रणालीत उघडला की जोडाक्षरे सुटी होतात, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. ‘शक्ती’चे ‘शक् ती’ होते. श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकप्रणालीतला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला तर निव्वळ इंग्रजी चिन्हांची रांगोळी उमटते. उपाय सोपा आहे: रचना पूर्ण झाल्यावर अक्षरांचे बाह्याकृतीत रूपांतर करून, म्हणजे अक्षरे न ठेवता त्यांचे आकारच ठेवून, फाइल पाठवावी, शिवाय सोबत एक साधे चित्र पाठवून ‘याबरहुकूम’ अशी सूचना द्यावी.

काही चुका त्याहून सूक्ष्म असतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील फरक मराठी वाचकाला तत्काळ कळतो. पहिल्या शब्दाचा अर्थ डोंगरांमधील खोल भाग, दुसऱ्याचा समुद्र. हिंदीसाठी बनवलेल्या काही फाँटांत किंवा चुकीच्या टंकलेखनामुळे अर्ध्या ‘ऱ’ऐवजी रफार उमटतो आणि सह्याद्रीत भटकणाऱ्या गिर्यारोहकांच्या छातीवर ‘डोंगरदर्या’ झळकते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही अशीच. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण धरली आहेत, परंतु युनिकोडमध्ये मराठी व हिंदी वळणांना वेगळे संकेतांक नसल्याने कोणते रूप दिसेल हे फाँटवर अवलंबून राहते.

फाँट हीदेखील कोणाची तरी निर्मिती असते. विकत घेतलेल्या संगणकप्रणालीबरोबर आलेला प्रत्येक फाँट व्यापारी मालावर वापरण्याची मुभा असतेच असे नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने तयार केलेले ‘मुक्त’ व ‘बलू’ हे फाँट खुल्या परवान्याखाली उपलब्ध असून टी-शर्टवर त्यांचा वापर करता येतो.

मजकूर, चित्रे आणि कायदा

नवख्या विक्रेत्यांची सर्वाधिक फसगत येथे होते. इंटरनेटवर सापडलेले चित्र किंवा सर्वांच्या तोंडी असलेली कवितेची ओळ ही सर्वांच्या मालकीची नसते. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. तुकारामांचे अभंग कोणीही छापू शकतो. १९०५ मध्ये निधन पावलेल्या केशवसुतांच्या त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितांवरचा हक्कही संपला आहे. परंतु कुसुमाग्रज (निधन १९९९) यांच्या कवितांवरील हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत आणि पु. ल. देशपांडे (निधन २०००) यांच्या लेखनावरील हक्क २०६० च्या अखेरपर्यंत अबाधित आहे. चित्रपटांतील लोकप्रिय संवादांच्या बाबतीतही परवानगीचा प्रश्न उद्भवतो. नामवंतांची छायाचित्रे आणि नावे यांचा व्यापारासाठी वापर करण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने अमिताभ बच्चन (२०२२) व अनिल कपूर (२०२३) यांच्या दाव्यांत मनाई केली आहे.

महाराष्ट्रातील विक्रेत्यांशी विशेष संबंध येतो तो बोधचिन्हे आणि नावे (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम, १९५० चा. या कायद्याच्या अनुसूचीत महात्मा गांधी, पंडित नेहरू आदींबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व चित्र यांचा समावेश आहे. केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीविना त्यांचा व्यापारासाठी वापर करता येत नाही. शिवजयंतीच्या आसपास असे टी-शर्ट सर्वत्र उघडपणे विकले जात असल्याने ही तरतूद अस्तित्वात आहे याची कल्पनाही अनेकांना नसते. राष्ट्रध्वजाबाबत कायदा तितकाच स्पष्ट आहे. राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा १९७१ चा अधिनियम आणि भारतीय ध्वजसंहिता, २००२ यांनुसार कपड्याच्या कापडावर ध्वज छापणे हा त्याचा अवमान ठरतो. स्वातंत्र्यदिनासाठी टी-शर्ट करणाऱ्यांनी अशोकचक्रासह पूर्ण ध्वजाची प्रतिकृती टाळावी.

उलट बाजूने, स्वतःच्या रचनेचे संरक्षण वाटते तितके बळकट नसते. प्रताधिकार अधिनियमाच्या कलम १५(२) नुसार, जी रचना डिझाइन म्हणून नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, तिच्या औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक प्रती निघाल्यावर प्रताधिकार संपुष्टात येतो. छापलेले चित्र स्वतंत्र कलाकृती मानायचे की वस्त्राची रचना, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. व्यवसायाचे नाव मात्र व्यापारचिन्ह म्हणून, कपड्यांसाठी असलेल्या २५ व्या वर्गात, नोंदवता येते.

हिशेब

या व्यवसायातील नफा-तोटा कसा ठरतो हे समजण्यासाठी पुढील आकडे कल्पित पण व्यवहाराला धरून घेतले आहेत. एक टी-शर्ट करासह ४९९ रुपयांना विकला, तर ५ टक्के वस्तू व सेवा कर वजा जाता हाती ४७५ रुपये येतात. कोरा टी-शर्ट १५०, छपाई १००, वेष्टन १०, कुरिअर ६५ आणि पैसे गोळा करण्याचा खर्च १० रुपये धरला, तर १४० रुपये उरतात. दहा नगांचे १,४०० रुपये होतात. बहुतेकांचा उत्साह या आकड्यावर उभा असतो.

आता दहांपैकी दोन पार्सले परत आली असे समजा. ग्राहक घरी नव्हता, त्याने फोन उचलला नाही, किंवा दारात पार्सल आल्यावर त्याचा विचार बदलला. रोख पैशांच्या पद्धतीत त्याला याची किंमत मोजावी लागत नाही. आठ नगांचे ३,८०० रुपये मिळतात. दहा नगांचा कापड, छपाई, वेष्टन व पाठवणी मिळून खर्च ३,२५० रुपये झालेलाच असतो. दोन पार्सले परत आणण्याचे १३० आणि वसुलीचे ८० रुपये धरले, तर उरतात अवघे ३४० रुपये. समाजमाध्यमांवरील जाहिरातीवर दर मागणीमागे फक्त ५० रुपये खर्च झाले असतील, तर हे काम १६० रुपयांच्या तोट्यात जाते. परत आलेले दोन टी-शर्ट पुढे विकले गेले तर तूट भरून निघते. पण त्यांवर ग्राहकाचे नाव छापलेले असेल तर ते घरातच वापरावे लागतात.

यात उद्योजकाच्या स्वतःच्या वेळेचे मोल धरलेलेच नाही. म्हणून सरावलेले विक्रेते नाव छापलेल्या नगांसाठी आगाऊ पैसे घेतात, आगाऊ पैसे देणाऱ्यास थोडी सूट देतात आणि रोखीची मागणी आल्यास पाठवण्यापूर्वी दूरध्वनी करून खात्री करतात. जाहिरातीवर विसंबणाऱ्यापेक्षा ज्याच्यामागे आधीच वाचक, श्रोते किंवा मित्रमंडळ आहे, त्याचा व्यवसाय टिकण्याचा संभव अधिक असतो.

नोंदणी व कर

महाराष्ट्रात मालाची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर वस्तू व सेवा करासाठी नोंदणी लागत नाही, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. टी-शर्ट विक्रेत्याच्या बाबतीत हे विधान दिशाभूल करणारे आहे. राज्याबाहेर माल विकणाऱ्यास उलाढाल कितीही असली तरी नोंदणी आवश्यक असते. पुण्याच्या विक्रेत्याने बेळगाव, पणजी किंवा इंदूरच्या मराठी ग्राहकाला पाठवलेला पहिलाच टी-शर्ट त्याला नोंदणीच्या कक्षेत आणतो. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांमार्फत विक्री करणाऱ्यांना पूर्वी सरसकट नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त राज्यांतर्गत विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यांना तीतून सूट मिळाली असून त्यांना केवळ नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. एकदा नोंदणी झाली की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते. उशीर झाल्यास दररोजचे विलंबशुल्क लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे.

मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली केवळ सूचना द्यावी लागते. बोलीभाषेत हा कागद अद्याप ‘गुमास्ता’ म्हणूनच ओळखला जातो आणि बँकेत चालू खाते उघडताना उपयोगी पडतो. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी पूर्णपणे विनामूल्य आहे. तिच्यासाठी शुल्क मागणारी, सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळे खाजगी दलालांची असतात. नोकरदाराने विक्रीचे उत्पन्न प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक आहे. पगारदारांसाठीचा सोपा आयटीआर-१ नमुना अशा वेळी चालत नाही.

नोकरी व वेळ

‘फावला वेळ’ हा मालकाच्या दृष्टीने नेहमीच फावला नसतो. शासकीय कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार करता येत नाही. महाराष्ट्रात १९७९ चे नियम लागू आहेत. घरातील अन्य व्यक्तीच्या नावे व्यवसाय केल्यास तो कळवावा लागतो. खाजगी कंपन्यांत नेमणूकपत्रातील अटी पाहाव्या लागतात. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम केल्याच्या कारणावरून ३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्यानंतर या प्रश्नाची देशभर चर्चा झाली. टी-शर्ट विकणे ही मालकाशी स्पर्धा ठरत नसली, तरी कार्यालयाच्या संगणकावर किंवा कामाच्या वेळेत मागण्या हाताळणे आक्षेपार्ह ठरू शकते.

रचना करायला लागणारा वेळ आनंदाचा असतो. बाकीचा तसा नसतो. मापांची चौकशी, पत्त्यातील चुका, ‘पार्सल कुठवर आले’ अशी विचारणा यांतच संध्याकाळ सरते. महाराष्ट्रातील कामाचा भार वर्षभर सारखाही नसतो. शिवजयंती, महाविद्यालयीन स्नेहसंमेलने, आषाढी वारी आणि विशेषतः गणेशोत्सव या काळात मागणी एकदम वाढते. नेमके तेव्हाच छापखानेही भरलेले असतात. ढोल-ताशा पथकाचे शंभर टी-शर्ट विसर्जनानंतर पोहोचले तर त्यांचा काही उपयोग नसतो. तरीही अशी एकगठ्ठा कामे लहान विक्रेत्याला किरकोळ विक्रीपेक्षा अधिक भरवशाची वाटतात, कारण निम्मी रक्कम आगाऊ मिळते, मापांची यादी हाती येते आणि माल परत येत नाही. शाळेच्या एकाच तुकडीतील माजी विद्यार्थ्यांचे मेळावे हा या मागणीचा अलीकडे वाढलेला भाग आहे.

परदेशातील महाराष्ट्र मंडळांकडूनही मराठी टी-शर्टांना मागणी असते. तेथे भारतातून एकेक पार्सल पाठवण्याचा खर्च टी-शर्टच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. त्यामुळे रचना भारतात करून छपाई त्या-त्या देशातील मागणीनुसार छापणाऱ्या संस्थेकडून करवून घेणे परवडते. देवनागरी न वाचू शकणाऱ्या छपाई कामगाराकडून ओळ उलटी छापली जाऊ नये म्हणून नमुना मागवणे अशा वेळी अधिकच आवश्यक होते.

पर्यावरण

एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज बहुधा उद्धृत केला जातो. विदर्भासारख्या मुख्यतः पावसावर अवलंबून असलेल्या प्रदेशातील कापसाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. रंगकामाचा परिणाम मात्र तिरुप्पूरमध्ये स्पष्ट दिसला. नोय्यल नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यामुळे खालच्या भागातील शेती नापीक झाली आणि शेतकऱ्यांच्या दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये तेथील शेकडो रंगकाम कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पुढे सांडपाणी पूर्णपणे शुद्ध करून पुन्हा वापरण्याच्या अटीवर ते टप्प्याटप्प्याने सुरू झाले. मागणीनुसार छपाईत न खपलेला माल उरत नाही, ही तिची जमेची बाजू आहे.

व्यवसाय थांबवणे

नोकरीतील बदली, परीक्षा किंवा कंटाळा यांमुळे असे अनेक व्यवसाय वर्ष-दोन वर्षांत थांबतात. संकेतस्थळ बंद केले म्हणून व्यवसाय बंद झाला असे कायद्याच्या दृष्टीने होत नाही. वस्तू व सेवा कराची नोंदणी रद्द करण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि ती रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र भरावे लागते. त्या वेळी घरात शिल्लक असलेल्या मालावर पूर्वी घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. नोंदवलेले व्यापारचिन्ह दहा वर्षे वैध राहते आणि ते दुसऱ्यास विकता किंवा वापरण्यास देता येते.